संध्याकाळच्या भुकेवर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या युक्त्या

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सुदामा नगरात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंचं वय 44, उंची 160 सेंटिमीटर, वजन 78 किलो. दिवसभर खाण्यावर ताबा असतो, पण संध्याकाळी सहाला घरी आल्यापासून झोपेपर्यंत हात सारखा डब्यात जातो. शनिवारी घरची मंडळी सराफ्यात (दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली) घेऊन जातात. डाएट चार्ट घरात तीन-चार पडून आहेत. मैत्रिणींनी निळं ताट, केळ्याचा वास, कमरेला दोरा, व्हिनेगर, जेवणाआधी पाणी असं बरंच सुचवलंय. त्या म्हणतात, "चार्ट नको. तुमच्याकडे येणाऱ्यांनी स्वतः शोधून काढलेल्या युक्त्या सांगा, आणि यातलं खरं किती तेही सांगा."

ताई, युक्त्या सांगते. पण तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत ते आधी बघू या. सकाळी उभ्याउभ्या अर्धी वाटी पोहे आणि चहा. दीडला डब्यातल्या दोन पोळ्या आणि भेंडी नाहीतर बटाट्याची भाजी. मधे तीन चहा आणि दोन-चार बिस्किटं. संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या पोटात जेमतेम 15 ग्रॅम प्रथिनं जातात. तुमच्या उंचीला साजेशा वजनाच्या हिशेबाने दिवसाला 45 ते 50 ग्रॅम लागतात. म्हणजे सहा वाजताची भूक हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. शरीर दिवसभराची बाकी मागतंय. या भुकेवर निळं ताट चालणार नाही, मनोनिग्रहही चालणार नाही, आणि चालावा असं मला वाटतही नाही.

म्हणून पहिली युक्ती भूक ओळखायची. डब्याकडे हात गेला की स्वतःला विचारा: आत्ता कोणी दुधीची भाजी आणि पोळी वाढली तर खाईन का? उत्तर "हो" असेल तर ती पोटाची भूक, बसून नीट खा. उत्तर "छे, शेवच हवी" असेल तर ती जिभेची ओढ. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि बहुतेकांच्या युक्त्या फसतात त्या एकीचा इलाज दुसरीवर केल्यामुळे.

पोटाच्या भुकेचा इलाज दुपारीच करायचा. साडेचारच्या चहाबरोबर बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे, किंवा घरून नेलेली दोन उकडलेली अंडी, किंवा वाटीभर मोडाची मटकी. सकाळचे पोहे सोडू नका. आपल्या इंदूरचे पोहे वाफेवरचे, त्यात तेल कमीच असतं. फक्त प्रमाण उलटं करा: उसळ जास्त, पोहे कमी, आणि शेव वरून भुरभुरण्यापुरतीच.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेने यापुढची पायरी शोधली, आणि मी ती आता अनेकांना सांगते. त्या घरी आल्या की कपडे बदलायच्या आधी एक मोठी वाटी सार पितात. कधी आमसुलाचं, कधी टोमॅटोचं, थंडीत मुगाचं कढण. सकाळीच करून ठेवलेलं असतं, फक्त गरम करायचं. यामागे चांगलं शास्त्र आहे. पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने 1999 साली एक सुंदर प्रयोग केला. जेवणाआधी काही स्त्रियांना एके दिवशी एक पदार्थ आणि वेगळं ग्लासभर पाणी दिलं, आणि दुसऱ्या एका दिवशी त्याच स्त्रियांना तेच जिन्नस तेवढ्याच पाण्यात शिजवून सूप करून दिलं. जिन्नस तेच, पाणी तेवढंच. सूप प्यायल्या त्या दिवशी त्यांनी पुढच्या जेवणात जवळपास 100 कॅलरी कमी खाल्ल्या. पाणी अन्नात मुरलेलं असलं की तृप्ती जास्त वेळ टिकते. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात सार, कढी, कढण, पातळ पिठलं होतंच. ते रोजच्या ताटातून गेलं आणि त्या जागी सुकी भाजी आणि शेव आली.

नुसतं पाणी पिण्याचं म्हणाल, तर जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायल्याने वजन थोडं जास्त उतरल्याचं 2010 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, 12 आठवड्यांत सुमारे 2 किलोचा फरक. पण ती मंडळी 55 ते 75 वयाची होती. तरुण पोट पाणी लवकर पुढे ढकलतं, तिथे परिणाम फिका पडतो. पाणी प्या, नुकसान काही नाही, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आणि बटाटा. वजन कमी करायचं म्हटलं की घरातून पहिला हद्दपार होतो तो बटाटा, याचं मला खरंच वाईट वाटतं. सिडनीत सुझाना होल्ट यांनी 1995 साली सारख्या कॅलरीचे 38 पदार्थ लोकांना खायला देऊन कशाने किती पोट भरतं ते मोजलं. पांढऱ्या पावाला 100 धरलं तर उकडलेल्या बटाट्याला 323 गुण मिळाले, सगळ्यांत जास्त. लोण्याच्या क्रोसाँला अवघे 47. दोष बटाट्याचा नाही, तो ज्या कढईत जातो तिचा आहे. दोन उकडलेले बटाटे, वर जीरावन मसाला आणि लिंबू. पाच वाजता हे खाऊन बघा, आठपर्यंत भूक निमूट बसते. मधुमेह असेल तर एकच बटाटा, आणि सोबत दही.

आता जिभेची ओढ. ती लाटेसारखी येते आणि ओसरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जपानमधल्या शास्त्रज्ञांनी 1999 साली शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं, आणि गंमत अशी की आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी ते वाढतं. रोज साडेसातला मालिका लागते आणि वाटीत शेव येते, तर साडेसातला शरीर शेवेची तयारी करूनच बसतं. म्हणून वेळ आणि जागा मोडणं ही मोठी युक्ती आहे. एक काका मालिका सोडायला तयार नव्हते. त्यांनी फक्त खुर्ची बदलली: सोफ्यावरून उठून जेवणाच्या टेबलाशी, जिथून टीव्ही दिसतो पण मांडीवर वाटी ठेवता येत नाही. त्यांचं तेवढ्याने भागलं.

ओढ ही मुख्यतः चित्र असते. डोळ्यांसमोर जिलबी दिसते, पाकाचा थेंब दिसतो. प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना 3 मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला, तेव्हा ओढ कमी झाली. डोळ्यांसमोरची जागा ठोकळ्यांनी व्यापली की जिलबीला तिथे उभं राहायला जागा उरत नाही. माझ्याकडच्या एक आजी खेळबीळ खेळत नाहीत. त्या वहीत ठिपक्यांची रांगोळी काढतात, संध्याकाळी, सवय म्हणून. तितकंच चालतं. शब्दकोड्याने मात्र तेवढा उपयोग होत नाही, कारण त्यात डोळ्यांपेक्षा शब्दांचं काम जास्त. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात पंधरा मिनिटं झपझप चालल्याने चॉकलेटची ओढ कमी झाली होती. तुमच्या गल्लीत दोन चकरा म्हणजे तेवढंच.

याहून विचित्र वाटेल अशी एक युक्ती आहे. कॅरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. लोकांना चॉकलेटच्या गोळ्या एकेक करून खाल्ल्याची कल्पना करायला सांगितली. ज्यांनी 30 गोळ्यांची कल्पना केली, त्यांनी नंतर खऱ्या वाडग्यातून, 3 गोळ्यांची कल्पना करणाऱ्यांपेक्षा कमी खाल्ल्या. मन एकाच चवीला कंटाळतं, मग ती चव कल्पनेतली का असेना. अट एवढीच की कल्पना सावकाश आणि बारीक हवी, आणि जे खाणार आहात त्याच पदार्थाची हवी. शेवेची काडी उचलली, दातांखाली मोडली, लवंगेचा तिखटपणा आला, गिळली, मग पुढची. अशा तीस. वरवर एकदा शेव आठवून सोडून दिलीत तर ओढ वाढेल, कमी होणार नाही.

स्वयंपाकघरात तुम्ही किती खाता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि जवळजवळ कोणीच लिहीत नाही. चव बघायला चमचा, फोडणीवर परतताना दोन दाणे, मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी "कशाला टाकायची" म्हणून. यावर दोन युक्त्या चांगल्या चालतात. स्वयंपाक करताना तोंडात लवंग ठेवायची: जीभ किंचित बधिर राहते, आणि लवंग काढून चव बघायची म्हणजे निदान कळतं तरी की आपण काहीतरी खातोय. दुसरी युक्ती आपल्या घरांत जड जाते, तरी मी आग्रहाने सांगते. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसू नका. आधी स्वतःचं ताट वाढून झाका, मग बाकीच्यांना वाढा. शेवटी बसणारी बाई भुकेने व्याकूळ झालेली असते, समोर उरलेलं सगळं असतं, आणि ते संपवण्याची जबाबदारी तिचीच असते. तुमचं ताट आधी वाढलेलं असलं की त्यात काय असावं हे तुम्ही ठरवता.

शेवेबद्दल एका घरातली गोष्ट सांगते. बाईंचं म्हणणं होतं, "मी थोडीशीच घेते, पोह्यांवर, वरणावर, दह्यावर." त्यांच्या यजमानांचं सराफ्यात दागिन्यांचं दुकान. मी म्हटलं, एक दिवस ती थोडीशी काट्यावर घाला. त्यांनी दुकानातल्या सोन्याच्या काट्यावर, कागदाचा तुकडा ठेवून, रोज घेतात तेवढी मूठ ठेवली. 50 ग्रॅमच्या आसपास भरली. 100 ग्रॅम शेवेत साधारण 550 कॅलरी असतात, म्हणजे एका वेळच्या थोडीशीत 275, जवळजवळ तीन पोळ्या. मग त्यांनी रतलामी शेवेच्या 15-15 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या, औषधाच्या दुकानात बांधतात तशा चौकोनी घड्या घालून, आणि दिवसाला एक पुडी ठरवली. शेव बंद केली नाही. इंदूरच्या माणसाला शेव बंद करायला सांगणारा सल्ला पंधरा दिवस टिकत नाही. पुडी उघडावी लागते, संपली की कळतं, आणि दुसरी उघडताना हात थबकतो. मोठ्या डब्यात हे काहीच होत नाही.

कमरेच्या दोऱ्याबद्दल. दोऱ्याने भूक कमी होत नाही. पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे. घरी आल्याबरोबर आपण सैल गाऊन घालतो, माणसं लुंगी किंवा इलास्टिकची पँट घालतात, आणि पोट किती भरलं हे सांगणारं बाहेरचं काही उरत नाही. रात्रीचं जेवण होईपर्यंत नाडीचा परकर किंवा सलवार ठेवा, नेहमीच्या गाठीवर. जेवताना ती कुठे लागायला लागते तिकडे लक्ष द्या. घट्ट आवळू नका, त्याने अन्न वर येतं, छातीत जळजळतं. पोट आवळणारे पट्टे मिळतात त्यांनाही हेच लागू.

सराफा. तिथे जाऊ नका असं मी सांगणार नाही. दुकानं मिटल्यावर रात्री तिथे जे फुलतं ते आपल्या गावाचं वैभव आहे, आणि घरच्यांबरोबर तिथे उभं राहण्याचं सुख वजनकाट्यापेक्षा लहान नाही. पण तिथे पोट का फसतं ते समजून घ्या. एकाच चवीने माणूस लवकर तृप्त होतो. चव बदलली की भूक नव्याने जागी होते. 1981 च्या एका प्रयोगात चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस मिळालेल्या लोकांनी एकाच सारणाची मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. सराफ्यात भुट्ट्याचा कीस तुपाचा आणि दुधाचा, गराडूचा कंद तिखट आणि तळलेला, दहीवडा गार, मग मालपुवा, मग रबडी. प्रत्येक ठेला भुकेला पुन्हा उठवतो. म्हणून तिथली युक्ती प्रमाणाची नाही, चवीची आहे. घरून निघताना ठरवा: आज खारं की गोड. खारं ठरवलं तर त्या रात्री गोडाला हात नाही. हवं तर कीस पूर्ण प्लेट खा, वाटून घेऊ नका. वाटून घेतलं की पाच घरांचे पाच पदार्थ चाखले जातात, आणि वाटणीच्या नावाखाली सगळ्यांत जास्त खाल्लं जातं. आणि जेवून जा. उपाशी पोटी सराफा म्हणजे दुप्पट खाणं, अगदी एकादशीसारखं. साबुदाण्याची खिचडी, वर फराळी मिक्श्चर, हे उपवासाचं असलं तरी हलकं नाही.

बाकीच्या सूचना झटपट. निळ्या ताटात विशेष काही नाही. लहान ताटाची युक्ती ब्रायन वानसिंक या कॉर्नेलच्या प्राध्यापकामुळे जगभर गाजली. 2018 साली विद्यापीठाने त्यांना संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं आणि त्यांचे अनेक लेख मागे घेतले गेले. ताट लहान घ्यायचं असेल तर घ्या, पण पुन्हा वाढून घेतलंत तर उपयोग शून्य. वासाने भूक मरते हा दावा करून अन्नावर भुरभुरायची एक पूड अमेरिकेत धडाक्यात विकली गेली. 2014 साली तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने खोट्या जाहिरातीबद्दल त्या कंपनीकडून ग्राहकांच्या परताव्यासाठी कोट्यवधी डॉलर वसूल केले. केळं हुंगू नका, खा. व्हिनेगरने दातांचं वरचं कवच झिजतं. वजन कमी होतं असं सांगणारा लेबनॉनमधला एक गाजलेला अभ्यास 2025 साली मासिकाने मागे घेतला. इसबगोल चालेल, पण मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबरच. कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो. जुलाबाच्या गोळ्या, मीठ-पाणी पिऊन उलटी, कोणाच्या तरी थायरॉईडच्या गोळ्या, भूक मारायला सिगारेट, हे कोणी सुचवलं तर त्या माणसाकडून आरोग्याचा सल्ला घेणं थांबवा.

झोपेचं तुम्ही जाताजाता लिहिलंय: बारा वाजता झोप, साडेपाचला उठणं. मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. 2004 साली शिकागोत तरुण मुलांना दोन रात्री फक्त 4 तास झोपू दिलं. तृप्ती देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ नेमकी गोड, खारट, पिठूळ पदार्थांची वाढली. रात्री साडेदहाला दात घासा, लवंगेच्या पेस्टने, आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवा. घासलेल्या दातांनी शेव खायला बहुतेकांना नको वाटतं. अर्धा-पाऊण तासात झोपायला गेलात तर पाऊण ते एक तासाची झोप वाढते आणि रात्रीचं सगळं चरणं आपोआप कमी होतं.

कुठली युक्ती तुमची, हे मी इथून सांगू शकत नाही. बर्कलेचे मानसशास्त्रज्ञ सेथ रॉबर्ट्स जेवणांच्या मधे साखरेचं पाणी किंवा बेचव तेल पिऊन, आगेमागे तासभर कसलीही चव न घेता, भूक कमी झाल्याचं सांगत. ते मी कोणाला सुचवणार नाही: एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि साखरेचं पाणी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या लोकांसाठी नाहीच. पण स्वतःवर वर्षानुवर्षं नोंदी ठेवायची त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. एका वेळी एकच युक्ती, निदान दोन आठवडे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन लिहा, पण बघा आठवड्याची सरासरी. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं तर त्यात बरंचसं पाणी असतं, हुरळू नका. तिसऱ्या आठवड्यात काटा अडला तर खचू नका. कंबरही मोजा. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांसाठी 90 च्या वर गेलं की धोका धरतात, मग वजन काहीही असो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 30 च्या वर आहे. भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा मानतात, त्यामुळे सहा महिन्यांत 5 ते 6 किलो उतरले तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे तिघांनाही फरक कळेल.

सुरुवात करण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासून घ्या. या वयात पाळी अनियमित व्हायला लागली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस विचारून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि पूर्वी कधी खाऊन उलटी काढायची सवय होती असं घडलं असेल, तर यातली एकही युक्ती स्वतःहून करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आहारतज्ज्ञ त्यानंतर.